नेटवर वाद घालावा नेटका

रात्री साडेदहाला सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी गच्चीवरच्या मोबाइल टॉवरचा फोटो टाकतं. खाली एकच ओळ: ‘ह्यामुळेच चिमण्या गेल्या, कॅन्सर वाढला, आता तरी जागे व्हा!’ अकरापर्यंत चाळीस मेसेज पडलेले असतात. त्यांत टॉवरबद्दल बोलणारे चार. बाकी मेंटेनन्सची थकबाकी, कुणाची डिग्री, ‘तुमच्या पक्षाच्या काळात काय होतं’ आणि दोन हात जोडलेले इमोजी. असा वाद फसतो तो बहुधा एकाच कारणाने: आपण कशावर भांडतोय तेच ठरलेलं नसतं.

आधी विधान पकडा

वरच्या ओळीत दोन विधानं उघड आहेत, चिमण्यांचं आणि कॅन्सरचं. तिसरं न बोललेलं आहे: टॉवर काढून टाका. तिन्हींना वेगवेगळा पुरावा लागतो. एकाच उत्तरात तिन्ही खोडायला गेलात, तर समोरचा तुमचा सर्वांत कच्चा मुद्दा उचलेल आणि बाकीचे दोन खरे असूनही बुडतील. म्हणून एकच निवडा. तो मेसेज उजवीकडे सरकवून त्यालाच जोडून उत्तर द्या, नाहीतर मधे पडलेल्या पंधरा मेसेजांत तुम्ही कुणाला बोलताय ते कळत नाही. आणि पहिला मेसेज प्रश्नाचाच असू द्या: ‘काका, तुमचं म्हणणं असं ना, की टॉवरच्या लहरींमुळे आसपास राहणाऱ्यांना कॅन्सर होतो?’

‘हो’ आल्याशिवाय पुढचं टाइप करू नका. पुष्कळदा उत्तर येतं, ‘तसं नाही, पण कुणाला न विचारता लावलाय.’ म्हणजे भांडण विज्ञानाचं नव्हतंच, सोसायटीच्या ठरावाचं होतं. तुम्ही फोटॉनची, म्हणजे लहरीतल्या ऊर्जेच्या सुट्या कणाची, ऊर्जा समजावत बसला असता.

हा नियम आपल्याकडे फार जुना आहे. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्क आणि वादाच्या प्राचीन न्यायशास्त्राच्या मूळ ग्रंथात, वादात हरण्याच्या 22 जागा दिल्या आहेत. त्यांना निग्रहस्थानं म्हणतात. त्यांतलं एक अननुभाषण: प्रतिपक्षाने तीनदा सांगितलेलं, सभेला कळलेलं विधान तुम्हाला पुन्हा उच्चारून दाखवता आलं नाही, तर तुम्ही हरलात. पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, आधी; उत्तर नंतर. त्याच शास्त्रात चर्चेचे तीन प्रकार आहेत. खरं काय ते शोधायला केला तो वाद, जिंकायला केला तो जल्प, आणि स्वतःची कुठलीच बाजू न मांडता दुसऱ्याची फक्त मोडत राहिला ती वितंडा. तिसरा प्रकार ओळखायची सोपी चाचणी आहे. विचारा, ‘मग तुमच्या मते खरं काय आहे?’ दोनदा विचारूनही उत्तर आलं नाही, तर तिथे वेळ घालवू नका. जल्पात मात्र उतरायला हरकत नाही. समोरचा बदलणार नसला तरी ग्रुपवरचे न बोलणारे शंभरजण वाचत असतात, आणि उत्तर त्यांच्यासाठी असतं.

दुसरा कामाचा प्रश्न: ‘काय दिसलं तर तुम्ही मत बदलाल?’ तो विचारण्याआधी स्वतःचं उत्तर लिहा. ‘टॉवरजवळ राहणाऱ्यांत आणि लांब राहणाऱ्यांत वय, धूम्रपान वगैरे सारखं धरूनही कॅन्सरचं प्रमाण जास्त आहे असं मोठ्या, चांगल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं, तर मी बदलेन.’ हे लिहिता आलं नाही, तर तुम्हीही श्रद्धाच सांगताय असं समजा.

विज्ञानाचा दावा तपासताना

टॉवरचंच उदाहरण पुढे नेऊ, कारण त्यात दोन्ही बाजू चुकतात.

भारतात 5जी मुख्यतः 700 मेगाहर्ट्झ, 3.3 गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा आणि 26 गिगाहर्ट्झ या लहरींवर विकलं गेलं. या लहरींच्या फोटॉनची ऊर्जा रासायनिक बंध तोडायला लागते त्याच्या कितीतरी खाली आहे. साडेतीन गिगाहर्ट्झचा फोटॉन डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या फोटॉनपेक्षा लाख पटींहून दुबळा असतो. म्हणून ‘रेडिएशन’ हा शब्द ऐकून क्ष-किरण आठवू नयेत. या लहरींचा पक्का सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊब, आणि मर्यादा त्याच हिशेबाने ठरवल्या जातात. टॉवरसाठी भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश मर्यादा लागू केली.

इथवर लिहून ‘काहीच होत नाही, अडाणीपणा सोडा’ असं म्हणालात तर समोरचा एक बातमी टाकतो: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2011 मध्ये या लहरींना 2बी गटात, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकलं. बातमी खरी आहे. ती तुम्हीच आधी सांगायला हवी होती, आता तुम्ही लपवलीत असं दिसतं. मग सावरायला जाऊन लोक म्हणतात की 2बी म्हणजे थोडासा धोका. तेही चूक. ही गटवारी पुरावा किती पक्का आहे ते सांगते, धोका किती मोठा आहे ते नाही. याच संस्थेने 2015 मध्ये प्रक्रिया केलेलं मांस गट 1 मध्ये, तंबाखूच्याच गटात ठेवलं. याचा अर्थ सॉसेज सिगारेटइतकं घातक असा होत नाही. दोन्हींबद्दलचा पुरावा सारखा पक्का, इतकाच होतो.

मांसाच्या त्याच अहवालात दुसरा सापळा आहे. रोज 50 ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका 18 टक्के वाढतो, अशी ओळ फॉरवर्ड होते. वाचणाऱ्याला वाटतं, शंभरातल्या अठराजणांना होणार. समजा एरवी शंभरातल्या पाचांना होत असेल, तर पाचाचे 18 टक्के म्हणजे जेमतेम एक. पाचाचे सहा झाले. टक्केवारी दिसली की पहिला प्रश्न ‘कशाचे टक्के?’ आणि दुसरा ‘आधी किती होतं?’ हे दोन प्रश्न आरोग्यावरच्या बऱ्याच फॉरवर्डांची हवा काढतात.

‘अभ्यासात सिद्ध झालंय’ असं कुणी म्हणालं की लिंक मागा आणि दहा मिनिटं द्या. शीर्षक कॉपी करून पबमेड किंवा गूगल स्कॉलर या संशोधन निबंध शोधायच्या साइटवर टाका. पहिल्यांदा पाहा की निबंध मागे घेतलाय का. घेतला असेल तर वर तसं ठळक लिहिलेलं असतं. लसीने ऑटिझम होतो म्हणणाऱ्यांचा आधार असलेला ‘लॅन्सेट’मधला 1998 चा निबंध 12 मुलांवरचा होता आणि 2010 मध्ये तो मागे घेतला गेला, तरी मराठी ग्रुपांवर तो आजही फिरतो. मग पाहा की प्रयोग कशावर झाला: बशीतल्या पेशी, उंदीर की माणसं? किती? तुलनेसाठी दुसरा गट होता का? पैसा कुणी दिला? पैशाचा प्रश्न शेवटी. कंपनीने पैसे दिले एवढ्याने निष्कर्ष खोटा ठरत नाही, फक्त पद्धत जास्त बारकाईने वाचावी लागते. चॅटबॉटकडून मिळालेला संदर्भ असेल तर तो मुळात अस्तित्वात आहे का हेही पाहा. लेखक, नियतकालिक, वर्ष सगळं छान जुळवलेलं असतं आणि निबंध कुठेच नसतो.

आणि शब्दांवर लक्ष. ‘उत्क्रांती ही नुसती थिअरी आहे’ या वाक्यात ‘थिअरी’ बोलीभाषेतली, म्हणजे अंदाज. विज्ञानात सिद्धांत म्हणजे भरपूर पुराव्यांना जोडणारी चौकट. शब्दाचा असा दुसराच अर्थ धरण्याला न्यायशास्त्रात वाक्छल म्हणतात आणि त्याचं उदाहरण मराठीतही तसंच चालतं: ‘याचं कांबळं नव आहे’ म्हटलं की समोरचा विचारतो, ‘नऊ कुठे? एकच तर दिसतंय!’ असं झालं की चिडू नका. ‘मी नव म्हणजे नवीन म्हणतोय’ एवढं लिहा, म्हणजे शब्दाचा अर्थ ठरवा आणि पुढे चला.

टॉवरच्या वादाचा शेवट मोजणीने होऊ शकतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर आपल्या भागातला टॉवर मर्यादेत आहे का ते पाहता येतं, शुल्क भरून मोजणीही मागता येते. पाच तासांच्या चर्चेपेक्षा तो अर्ज बरा. चिमण्यांचं काय? घरट्याला वळचण, पिलांना किडे, दोन्ही कमी होणं हा वेगळा विषय आहे. तो वेगळ्या दिवशी घ्या.

फोटो आणि व्हिडिओ

दिवाळीच्या रात्री उपग्रहातून दिसणारा भारत म्हणून एक रंगीबेरंगी चित्र दरवर्षी येतं. ते खरं चित्रच आहे, पण दिवाळीचं नाही. अनेक वर्षांत दिवे कसे वाढले ते दाखवायला केलेला तो नकाशा आहे: पांढरे दिवे 1992 च्या आधीचे, निळे 1992 चे, हिरवे 1998 चे, लाल 2003 चे. नोव्हेंबर 2012 मध्ये नासाने दिवाळीच्या सुमाराचं खरं चित्र प्रसिद्ध केलं. त्यात रोषणाई वेगळी ओळखूच येत नाही. खोट्या फॉरवर्डचा हा सर्वांत सामान्य नमुना: चित्र खरं, ओळ खोटी.

तपासायला फोटो सेव्ह करा, वर चिकटवलेला मजकूर आणि लोगो कापून टाका (तो ठेवला तर शोध त्याच मजकुराची फॉरवर्डं आणून देतो), मग गूगल लेन्समध्ये टाका. टिनआय या साइटवर सर्वांत जुना निकाल आधी लावता येतो. तुम्हाला हवी असते ती जुनी तारीख. व्हिडिओ असेल तर तीन-चार ठिकाणी थांबवून स्क्रीनशॉट काढा आणि प्रत्येक वेगळा शोधा. पाट्या, बसचे रंग, गाडीच्या नंबरप्लेटची पहिली अक्षरं पाहा. गाव पुण्याचं सांगितलंय आणि एसटी दिसतच नाही, तर संशय घ्या. काहीच सापडलं नाही म्हणजे फोटो खरा, असं मात्र नाही. यंत्राने बनवलेल्या चित्राला जुना मूळ फोटो नसतोच. तेव्हा मूळ फाइल, जागा, वेळ आणि त्याच घटनेचा दुसऱ्या बाजूने काढलेला फोटो मागा.

मेसेजवर दुहेरी बाण दिसला तर तो पाच किंवा जास्त हातांतून आलेला असतो. त्याने मेसेज खोटा ठरत नाही. पाठवणाऱ्याला त्याचा उगम माहीत नाही, एवढं नक्की. म्हणून ‘तुम्ही खोटं पसरवताय’ ऐवजी ‘हे तुम्हाला कुठून आलं?’ विचारा. आणि वयाने मोठी व्यक्ती असेल तर दुरुस्ती आधी खाजगीत पाठवा. ग्रुपवर चूक दाखवलेल्या मामाला चूक दिसत नाही, अपमान दिसतो. खाजगीत सांगितलं तर तेच मामा स्वतः ग्रुपवर ‘मेसेज चुकीचा आहे, डिलीट करावा’ लिहितात.

तंत्रज्ञान: मशीनचं उदाहरण

महाराष्ट्रात निवडणुकीनंतर ‘ईव्हीएम हॅक होतं’ हा वाद ठरलेला. विधान फोडलं नाही तर तो वर्षानुवर्षं चालू शकतो. हॅक म्हणजे नक्की काय? दुरून लहरींनी? कोठारात मशीन बदललं? व्हीव्हीपॅटमध्ये, म्हणजे मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्रात, चिन्हं भरताना गडबड? की मोजलेली मतं आणि पडलेली मतं जुळत नाहीत? प्रत्येकाचा पुरावा वेगळ्या खोलीत ठेवलेला आहे.

दुरून म्हणणाऱ्याने यंत्रात लहरी पकडणारा भाग कुठे आहे ते दाखवावं लागतं. मशीन बदललं म्हणणाऱ्याने सीलचे नंबर आणि त्यावर सह्या करणारे पक्षाचे प्रतिनिधी यांच्याकडे जावं. आकडे जुळत नाहीत म्हणणाऱ्याने 17सी नमुना आणावा. त्यात त्या केंद्रावर एकूण किती मतं नोंदली ते असतं आणि मतदान संपल्यावर त्याची प्रत प्रतिनिधींना मिळते. केंद्रनिहाय निकाल नमुना 20 मध्ये असतो. दोन कागद शेजारी ठेवा. फरक निघालाच तर आधी पाहा की सकाळची चाचणी मतं पुसायची राहिली होती का, कारण तसं होतं. चिन्हं भरण्याच्या शंकेवर सर्वोच्च न्यायालयाने 26 एप्रिल 2024 च्या निकालात दोन गोष्टी सांगितल्या: चिन्ह भरणारं यंत्र सील करून निकालानंतर 45 दिवस ठेवायचं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने सात दिवसांत लेखी मागणी केली तर विधानसभा क्षेत्रातल्या 5 टक्के यंत्रांची तपासणी करायची. व्हीव्हीपॅटच्या सगळ्या चिठ्ठ्या मोजायची मागणी न्यायालयाने नाकारली. प्रत्येक विधानसभा क्षेत्रात सोडतीने निवडलेल्या पाच केंद्रांतल्या चिठ्ठ्यांची मोजणी 2019 पासून होते.

यंत्राची बाजू घेणाऱ्यांनाही एक सांगायला हवं. ‘आजवर सिद्ध झालेलं नाही’ आणि ‘अशक्य आहे’ ही एकच गोष्ट नाही. पहिलं म्हणा, दुसरं म्हणू नका. तुम्ही ‘अशक्य’ म्हणालात की सिद्ध करायचं ओझं तुमच्या डोक्यावर आलं.

बोलण्याचं स्वातंत्र्य: कोण कुणाला अडवतंय?

या वादात पहिला प्रश्न हाच ठेवा. सरकार अडवतंय, कंपनी, ग्रुपचा ॲडमिन की चिडलेले लोक? बोलण्याचं स्वातंत्र्य देणारं घटनेचं कलम 19(1)(क) मुख्यतः सरकारविरुद्धचं कवच आहे. ॲडमिनने तुम्हाला काढलं तर ते वाईट असेल, भित्रेपणाचं असेल, पण घटनाभंग नाही.

दुसरा घोळ ‘फर्स्ट अमेंडमेंट’चा. अमेरिकेची पहिली दुरुस्ती 1791 ची, आणि तिने तिथल्या संसदेला अभिव्यक्ती आवळणारे कायदे करायला मनाई केली. आपली पहिली दुरुस्ती 1951 ची, आणि तिने निर्बंधांची यादी वाढवली, सोबत ‘वाजवी’ हा शब्दही आणला. नाव एक, दिशा उलट्या. तेव्हा अमेरिकी निकाल इथे फेकून उपयोग नाही.

आपल्याकडे 19(2) मध्ये निर्बंधांची कारणं मोजून दिली आहेत: देशाचं सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, आणि गुन्ह्याला चिथावणी. ‘भावना दुखावल्या’ हे कारण या यादीत नाही. धार्मिक भावनांबद्दलचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 299 मध्ये आहे, पण तिथेही जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने अपमान करणं लागतं. म्हणून ‘यावर बंदी घाला’ म्हणणाऱ्याला विचारा: आठांपैकी कुठल्या कारणाखाली? उत्तर आलं तर वाद खरा सुरू होईल.

हे नुसतं पुस्तकी नाही. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर लिहिलेल्या फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्यातून आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा सांगणाऱ्या, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66अ ला आव्हान गेलं आणि 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. निकालातला भेद वादात रोज कामाला येतो: चर्चा करणं, बाजू मांडणं आणि चिथावणी देणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि कायदा तिसरीवर येतो. कुणी ‘66अ खाली आत टाकीन’ अशी धमकी दिली तर शांतपणे ही तारीख लिहा. ॲडमिन घाबरला असेल तर त्यालाही सांगा की सदस्याच्या पोस्टसाठी ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलंय, समान हेतू किंवा संगनमत दाखवावं लागतं.

स्वतः लिहिताना बदनामीचं कलम, म्हणजे संहितेचं 356, ध्यानात असू द्या. लोक समजतात की खरं असलं की सुटलो. फौजदारी बदनामीत खरेपणासोबत ते सांगणं लोकहिताचं असावं लागतं. ‘अमुक माणूस चोर आहे’ लिहू नका. ‘अमुक कामाची निविदा इतक्याची, बिल इतक्याचं, दोन्ही कागद सोबत’ असं लिहा. तेच जास्त झोंबतं आणि टिकतंही. पोस्ट कंपनीने काढली तर आधी त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जा. तिथे नाही जमलं तर 30 दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. पोस्टचा स्क्रीनशॉट, लिंक आणि वेळ आधीच जपून ठेवलेली असली पाहिजे. काढल्यावर काही मिळत नाही.

सिनेमा, नाटक, मालिका

इथे थोडक्यात. ‘आवडला नाही’ यावर वाद होत नाही. ‘इतिहास मोडला’ यावर होतो, पण प्रसंग, बखर किंवा पत्र, पान असं सांगा. ‘किती चालला’ यावर भांडताना आकडा कुठला ते आधी ठरवा: तिकीटखिडकीवरचा ढोबळ गल्ला, कर वजा केलेला, की वितरकाच्या हातात आलेला. एकाने ढोबळ आणि दुसऱ्याने निव्वळ धरलं की दोघेही बरोबर असून रात्रभर भांडतात. ‘सेन्सॉरने कसं सोडलं’ हा प्रश्न विचारण्याआधी माध्यम बघा: सिनेमाला केंद्राचं प्रमाणपत्र मंडळ, महाराष्ट्रात नाटकाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ, वेब मालिकेला यांतलं कुठलंच नाही.

वाद घसरतो तेव्हा

घसरण्याच्या जागाही निग्रहस्थानांत आहेत. मुद्दा खोडला की गुपचूप नवा मुद्दा आणणं म्हणजे प्रतिज्ञांतर. लिहा, ‘आधीचा मुद्दा सोडला असं समजू का?’ ‘तुमचेही तेच करतात’ ही मतानुज्ञा, आणि खरं तर ती कबुली आहे. लिहा, ‘म्हणजे दोघांचंही चूक, बरोबर?’ हरत आलं की ‘मला कामं आहेत’ हा विक्षेप. जाऊ द्या त्याला. ही नावं समोरच्याच्या तोंडावर मात्र मारू नका. विद्वत्ता दाखवली की वाचणारे त्याच्या बाजूला जातात. तसंच शुद्धलेखन. ‘आणि’ऐवजी ‘आनि’ लिहिलं म्हणून कुणाचा मुद्दा खोटा होत नाही, आणि तुम्ही ते काढलंत की तुमच्याकडे उत्तर नाही हे सगळ्यांना कळतं.

तुमची चूक निघाली तर मेसेज पुसू नका. पंधरा मिनिटांच्या आत व्हॉट्सॲपवर दुरुस्त करता येतो, पण उत्तरं आल्यावर तसं केलंत तर लबाडी वाटते. खाली नवा मेसेज टाका: ‘वरचा आकडा चुकला, बरोबर हा.’ बाकी मुद्दा उभा असेल तर त्यानंतर तो जास्त वजनदार होतो.

थांबताना तीन ओळी लिहा: कशावर एकमत झालं, कशावर नाही, आणि काय मिळालं तर पुन्हा बोलू. टॉवरच्या बाबतीत, ‘मर्यादा काय आहे हे दोघांनाही मान्य. आपला टॉवर मर्यादेत आहे का यावर नाही. मोजणीचा अर्ज मी सोमवारी करतो, आकडा आल्यावर इथे टाकतो.’ मग ग्रुप म्यूट करा. त्यात तीन पर्याय येतात: 8 तास, 1 आठवडा, कायमचं. पहिला पुरतो.